कोवाल्स्कीची जमीन

पोलंडमध्ये अर्ज कसा भरायचा हे दाखवणारा नमुना पाहिला, की अर्जदाराच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच नाव सापडतं : यान कोवाल्स्की. बँकेच्या जाहिरातीतल्या कार्डावर तेच नाव छापलेलं असतं. वर्तमानपत्रात महागाईवर अग्रलेख आला, तर ‘सरासरी कोवाल्स्की’च्या खिशाला किती चाट बसेल याचा हिशेब मांडला जातो. आपण ‘सामान्य माणूस’ म्हणून ज्याच्या नावाने गळा काढतो, त्याला तिकडे नाव-आडनाव आहे. आणि तो काल्पनिकही नाही. या आडनावाची सुमारे १ लाख ३५ हजार माणसं पोलंडमध्ये राहतात. त्यांच्यापुढे एकच आडनाव आहे, नोवाक, आणि ते दोन लाखांच्या घरात जातं.

नोवाक सर्वसामान्याचं नाव असावं हे समजण्यासारखं आहे. नोवाक म्हणजे नवा, गावात बाहेरून येऊन राहिलेला. अशी माणसं गावोगाव असणारच. कोवाल्स्कीची गोष्ट मात्र जरा विचित्र आहे. त्याच्या शेवटी जे ‘स्की’ लागलेलं आहे ते कधीकाळी जमीनदारांचं, सरदारांचं, तलवार बांधून फिरणाऱ्यांचं शेपूट होतं. ते सामान्य माणसाच्या नावाला कसं चिकटलं आणि पुढे तेच नाव कोळशाच्या खाणीपासून मोटारीच्या कारखान्यापर्यंत कसं पोचलं, त्याचा हा मागोवा.

पोलिश भाषेत ‘स्की’ हा विशेषण बनवणारा प्रत्यय. तार्नूफ या गावाचा धनी तो तार्नोव्स्की. मध्ययुगात सरदार मंडळींची ओळख जमिनीवरून व्हायची आणि पंधराव्या शतकापासून ती ओळख आडनाव म्हणून घट्ट होत गेली. ‘कोवाल’ म्हणजे लोहार, हे खरं. पण सरदार कोवाल्स्कीच्या घरात भाता आणि ऐरण असण्याचं काही कारण नव्हतं. त्याच्या मालकीचं गाव लोहारांचं होतं, एवढंच. पोलंडच्या आरंभीच्या प्यास्त घराण्यातल्या राजांनी गढ्यांच्या आसपास एकेका कामाची गावं वसवली होती. श्चित्निकी ढाली बनवणाऱ्यांचं, सोकोल्निकी शिकारी ससाणे सांभाळणाऱ्यांचं, पिएकारी भटारखान्यासाठी पाव भाजणाऱ्यांचं. कोवाले हे लोहारांचं गाव याच मालिकेतलं, आणि ते एक नाही. नकाशावर कोवाले, कोवालेवो, कोवाल अशी गावं ठिकठिकाणी दिसतात. त्यातलं कुयावियामधलं कोवाल तर राजाचं जन्मगाव. लाकडाचा पोलंड घेऊन दगडी पोलंड मागे ठेवला अशी ज्याची ख्याती आहे, तो काझिमिएश महान तिथे १३१० साली जन्मला.

मराठी वाचकाला इथे आपला ‘कर’ आठवेल. तुलना चालते, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. सातारकर म्हणजे साताऱ्याहून आलेला. तो तिथला इनामदार होता की हमाल हे नावावरून कळत नाही. बरेचदा माणूस गाव सोडून गेल्यावरच त्याला ‘कर’ लागतो, गावात राहणाऱ्याला कोण कशाला गावाच्या नावाने हाक मारील? ‘स्की’चा दावा उलटा होता. गाव माझं आहे, मी तिथे बसलेलो आहे, असं ते नाव सांगायचं.

अर्थात सगळेच धनी धनवान नव्हते. जुन्या पोलंडमध्ये श्लाख्ता म्हणजे सरदारवर्ग शंभरात आठ-दहा माणसांइतका मोठा होता. युरोपात इतरत्र हे प्रमाण फार कमी. माझोव्शे प्रांतात तर अख्खी गावंच्या गावं अशी होती की तिथला प्रत्येक जण सरदार आणि कूळ एकाकडेही नाही. स्वतःचा नांगर स्वतः धरायचा, पण कमरेला जुनी तलवार आणि मतदानाचा हक्क शाबूत. राजा निवडताना या नांगऱ्याचं मत मोठ्या उमरावाच्या मताइतकंच मोजलं जायचं. अशा माणसाकडे प्रतिष्ठेचं भांडवल म्हणून नावाशिवाय दुसरं काय होतं?

ज्या गोष्टीला इतका भाव, तिची नक्कल होणारच. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्राकूफच्या भागात वालेरियान नेकांदा त्रेप्का नावाचा एक सरदार होता. जमीन गेलेला, मनाने कडवट झालेला. त्याने जत्रा, बाजार, न्यायालयं धुंडाळून खोट्या सरदारांची यादी करायला घेतली. कोणाचा बाप सुतार होता, कोण मठाच्या जमिनीवरून पळालेलं कूळ होतं, कोणी दुसऱ्या परगण्यात जाऊन नावाला ‘स्की’ जोडलं आणि श्रीमंत विधवेशी लग्न लावलं, याची सुमारे अडीच हजार प्रकरणं त्याने लिहून ठेवली. पुस्तकाचं लोकांत रुळलेलं नाव ‘हामांची वही’. बायबलमधल्या नोहाचा शापित मुलगा हाम, आणि त्याचे वंशज म्हणजे हे सगळे शेतकरी-कारागीर, असा त्या काळच्या सरदारांचा आवडता सिद्धान्त. हस्तलिखित तीनशेहून अधिक वर्षं तसंच पडून राहिलं आणि १९६३ मध्ये कुठे छापून झालं. त्रेप्काचा द्वेष उघड आहे, त्याच्या प्रत्येक आरोपावर विश्वास ठेवायचं कारण नाही. पण माणसं नाव कसं चढवत होती याचा इतका तपशीलवार पुरावा दुसरा मिळणं कठीण. खोट्या सरदारांचा हा शत्रूच त्यांचा पहिला इतिहासकार ठरला.

कोवाल्स्की या नावाला दुसरा झरा मिळाला तो इथून. गावचा लोहार म्हणजे कोवाल. त्याचा मुलगा किंवा हाताखालचा पोरगा कोवाल्चिक, कुठे कोवालिक. ही सगळी आडनावं आजही आहेत आणि कोवाल्चिक तर देशातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या नावांत मोडतं. याच कोवाल्चिकांपैकी कोणी शहरात आला, कारागिरांच्या मंडळीत नाव नोंदवलं, पोरगा पाद्री झाला किंवा कारकून झाला, की ‘चिक’ गळून ‘स्की’ यायचं. अठराव्या शतकापर्यंत हे इतकं सर्रास झालं, की ‘स्की’ ही सरदारकीची खूण उरलीच नाही. ते नुसतंच ‘नीट’ पोलिश आडनाव बनलं. पाद्री बाप्तिस्म्याची नोंद करताना आपल्या मनानेच लोहाराच्या पोराला कोवाल्स्की करून टाकायचा. अठराव्या शतकाच्या शेवटापासून ज्यूंनाही कायमची आडनावं घेण्याचे हुकूम निघत गेले, तेव्हा काही ज्यू घरांतही हे नाव आलं.

म्हणजे कोवाल्स्की नावाचा मूळपुरुष शोधायला जाऊ नये. असे पुरुष शेकड्यांनी असणार, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असण्याची गरज नाही. जुन्या वंशग्रंथांतही कोवाल्स्की एकाहून अधिक ढालचिन्हांखाली येतात. अमेरिकेतल्या पर्यटकाला ‘तुमच्या घराण्याचं चिन्ह’ म्हणून चौकटीत बसवलेली ढाल विकणारे दुकानदार आहेत, त्यांचा धंदा चालो बापडा. पण ती ढाल बहुधा दुसऱ्याच कोवाल्स्कीची.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड गिळला. नावाच्या दृष्टीने याचा परिणाम असा झाला की एकाच आडनावाचे तीन दफ्तरी जन्म झाले. ऑस्ट्रियाच्या गालित्सियात चर्चच्या नोंदी लॅटिनमध्ये. प्रशियात १८७४ पासून सरकारी नोंदणी, ती जर्मनमध्ये. रशियाच्या ताब्यातल्या भागात नेपोलियनच्या काळात, १८०८ मध्ये, नागरी नोंदणी सुरू झाली ती पोलिशमध्ये. १८६८ पासून मात्र तीच दफ्तरं रशियन लिपीत गेली. एका आजोबांचा जन्म पोलिशमध्ये, लग्न रशियनमध्ये आणि मृत्यू अमेरिकेतल्या इंग्रजीत, अशी उदाहरणं वंशावळी शोधणाऱ्यांना पदोपदी भेटतात.

त्यात भर पोलिश व्याकरणाची. कोवाल्स्की हे विशेषण असल्यामुळे ते लिंगाप्रमाणे बदलतं. नवरा कोवाल्स्की, बायको कोवाल्स्का, दोघं मिळून कोवाल्स्त्सी. जर्मन कारकुनाला हे मंजूर नव्हतं. कुटुंबाचं आडनाव एक म्हणजे एकच, म्हणून त्याच्या वहीत बायकोही कोवाल्स्की. आज एखाद्या घरात स्त्रियांची नावं कुठल्या पिढीपासून ‘स्की’ झाली ते पाहिलं, तर ते घर पोलिश दफ्तराबाहेर कधी पडलं याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

वेठबिगारी प्रशियात १८०७ पासून, ऑस्ट्रियात १८४८ मध्ये आणि रशियन पोलंडमध्ये १८६४ मध्ये संपली. कुळं मोकळी झाली, पण जमीन भावाभावांत वाटून वाटून पट्ट्यांवर आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जे कोवाल्स्की गाव सोडून निघाले, ते गावाचे मालक नव्हते. कित्येकांच्या नावावर वीतभर वावर नव्हतं.

त्यांचा सगळ्यांत जवळचा मुक्काम रूर. जर्मनीच्या पश्चिमेकडच्या या कोळसापट्ट्यात १८७० नंतर दलाल पूर्वेकडून माणसं भरभरून आणू लागले. पोझनान, पश्चिम प्रशिया, वरचा सायलेशिया आणि माझुरी इथली ही माणसं कागदोपत्री प्रशियाचीच प्रजा, त्यामुळे सीमा ओलांडायची नव्हती, फक्त आगगाडीत बसायचं होतं. पहिल्या महायुद्धाआधी त्यांची संख्या तीन ते पाच लाखांच्या दरम्यान पोचली; माझुरींना पोलिश धरायचं की नाही यावर आकडा बदलतो. बोखुम हे त्यांचं केंद्र. तिथून १८९० पासून ‘व्यारुस पोल्स्की’ हे पोलिश वृत्तपत्र निघत होतं आणि १९०२ मध्ये त्यांनी स्वतःची कामगार संघटनाही काढली. सरकारला हे खुपत होतं. १९०८ च्या कायद्याने सार्वजनिक सभेत जर्मनच बोललं पाहिजे असं ठरलं. जिथे बिगर-जर्मन लोकसंख्या साठ टक्क्यांहून जास्त तिथेच तात्पुरती सवलत. रूरमध्ये पोलिश लोक विखुरलेले, त्यामुळे सवलत त्यांच्या वाट्याला येईना.

नाव अशा वेळी अडचणीचं होतं. बढती हवी, घर हवं, पोराला शाळेत चिडवू नये असं वाटतं, तर कोवाल्स्कीचा श्मिट करणं सोपं. अर्थ तोच, लोहार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आणि विशेषतः हिटलरच्या काळात अशा नावबदलांचे हजारो अर्ज झाले. गंमत अशी, की त्याच काळात गेल्झेनकिर्खेनचा शाल्के हा फुटबॉल संघ १९३४ ते १९४२ या वर्षांत सहा वेळा जर्मनीचा विजेता झाला, आणि त्याचे दोन तारे होते शेपान आणि कुत्सोरा, दोघेही माझुरी खाणकामगारांच्या घरातले. ‘पोलाकांचा क्लब’ म्हणून हिणवला गेलेला संघ राज्यकर्त्यांना जर्मन पराक्रमाचा नमुना म्हणून मिरवावा लागला. आज रूरच्या दारांवरच्या नावाच्या पाट्या वाचत गेलं तर दर दोन-चार जिन्यांमागे एक ‘स्की’ लागतो आणि त्यात परकं असं कोणाला काही वाटत नाही. दूरदर्शनवरच्या गुन्हेकथांत १९८१ पासून दहा वर्षं गाजलेला ड्युइसबुर्गचा मळकट जॅकेटवाला पोलीस अधिकारी शिमान्स्की होता. प्रसिद्ध गायक योखेन कोवाल्स्की मात्र रूरचा नव्हे, पूर्वेकडच्या ब्रांडेनबुर्गचा.

पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा नकाशावर आला तेव्हा रूरमधल्या पोलिशांपुढे प्रश्न उभा राहिला, जर्मन राहायचं की पोलिश व्हायचं. काही परतले. बरेच जण मात्र आणखी पश्चिमेला सरकले. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या खाणी युद्धात उद्ध्वस्त झाल्या होत्या आणि माणसं लाखांनी मेली होती. सप्टेंबर १९१९ मध्ये पोलंड आणि फ्रान्सने मजूर पाठवण्याचा करारच केला. रूरहून येणाऱ्या अनुभवी खाणकामगारांना तिथे ‘वेस्टफालियावाले’ म्हणत. १९३१ पर्यंत फ्रान्समध्ये पाच लाखांच्या आसपास पोलिश होते. मग मंदी आली आणि १९३४ पासून कुटुंबंच्या कुटुंबं गाडीत घालून परत पाठवली गेली, हातात मावेल तेवढंच सामान घेऊन. जे राहिले त्यांच्यातल्याच एका खाणकामगाराचा मुलगा नो-ले-मीन गावचा रेमाँ कोपाशेव्स्की. त्याने स्वतःही खाणीत काम केलं. फ्रेंच जिभेला ते नाव पेलेना, म्हणून तो कोपा झाला, आणि १९५८ मध्ये युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

अमेरिकेतली पहिली पोलिश वसाहत टेक्ससमधली पान्ना मारिया, १८५४ सालची. पण ती वरच्या सायलेशियातल्या लोकांची. त्यांच्या नावांत ‘स्की’पेक्षा ‘इक’ आणि ‘एक’ जास्त. कोवाल्स्कींची खरी लाट आली ती १८८० नंतर, आणि ती शेतावर गेली नाही. शिकागोचे कत्तलखाने, पेन्सिल्व्हेनियाच्या खाणी, बफेलो आणि मिलवॉकीचे कारखाने, डेट्रॉइटच्या मोटारी. डेट्रॉइटच्या पोटात हॅमट्रॅमिक नावाचं छोटं वेगळं शहर आहे. डॉज बंधूंनी १९१० च्या सुमारास तिथे कारखाना घातला आणि दहा वर्षांत वस्ती साडेतीन हजारांवरून ४८ हजारांवर गेली. चर्च पोलिश, खाटीक पोलिश, भांडणंही पोलिश. आज त्याच गल्ल्यांत बांगलादेशी आणि येमेनी दुकानं आहेत.

बोटीने येणाऱ्यांची तपासणी जिथे व्हायची त्या एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याने आजोबांचं नाव बदललं, ही कथा अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक पोलिश घरात सांगतात. ती पाठ फिरवताच विसरावी अशी आहे. बेटावरचा कारकून नावं लिहीत नव्हता; तो बोटीच्या कंपनीने हांबुर्ग किंवा ब्रेमेनमध्ये तयार केलेली यादी तपासत होता. नाव बदललं ते नंतर. मुकादमाने हजेरीपटावर जमेल तसं लिहिलं, शाळेतल्या बाईंनी सोपं केलं, नागरिकत्वाच्या अर्जात माणसाने स्वतःच नवं लिहिलं. कोवाल, कोवाल्स्काय, कोव्हाल्स्की आणि सरळ स्मिथ हे सगळे त्यातूनच आले. सिनेटर एडमंड मस्की यांचे वडील मार्चिशेव्स्की होते. अख्ख्या नावातून त्यांनी दोन अक्षरांचं नाव काढलं. लोकांना अधिकाऱ्याची कथा का आवडते तेही कळतं. नाव आपण टाकलं म्हणण्यापेक्षा ते हिसकावून घेतलं म्हणणं मनाला कमी लागतं.

ज्यांनी टाकलं नाही त्यांचं पुढे बरं चाललं. कनेटिकटमधून फ्रँक कोवाल्स्की १९५८ मध्ये काँग्रेसवर निवडून गेले. त्याच राज्यात १९४१ साली जन्मलेले रॉबर्ट कोवाल्स्की पुढे एडिनबरा आणि लंडनमध्ये तर्कशास्त्रावर आधारलेल्या संगणक प्रोग्रामिंगचे एक जनक झाले. पण जगाला कोवाल्स्की माहीत झाला तो रंगभूमीवरून. टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या १९४७ च्या नाटकातला स्टॅन्ली कोवाल्स्की, घामेजल्या बनियनमधला मार्लन ब्रँडो. विल्यम्सने हे आडनाव चपखल उचललं होतं. समोर ब्लांश द्युब्वा, जिचं फ्रेंच नाव दक्षिणेतली हातची गेलेली बागायत मिरवतं. आणि इकडे कारखान्याच्या मालाची विक्री करणारा, पत्ते खेळणारा, ओरडणारा स्टॅन्ली. त्याच्या नावाचा अर्थ पोलंडमध्ये कधीकाळी अगदी तसाच होता, गावाचा धनी, हे ब्लांशला ठाऊक नाही आणि स्टॅन्लीलाही. प्रेक्षकालाही त्याची गरज पडत नाही. विजय तेंडुलकरांनी हे नाटक ‘वासनाचक्र’ म्हणून मराठीत आणलं.

तिथून कोवाल्स्की हे अमेरिकेत दणकट, हट्टी, कामकरी पुरुषाचं तयार नाव झालं. कॅनडातल्या विंडसरला पोलिश आईबापांच्या घरी जन्मलेला एक धिप्पाड कुस्तीगीर, मूळ आडनाव स्पुलनिक, आखाड्यात ‘किलर कोवाल्स्की’ म्हणून उतरला आणि १९६३ मध्ये कायद्याने ते आडनावच घेतलं. खोटे सरदार हुडकणाऱ्या त्रेप्काने त्याची नोंद कुठल्या सदरात केली असती? कारण याने नाव चढवलं ते खालच्या दिशेने, कामगार वाटावं म्हणून. २००८ च्या ‘ग्रॅन टोरिनो’मध्ये क्लिंट ईस्टवुडने रंगवलेला फोर्ड कंपनीतला निवृत्त कामगारही वॉल्ट कोवाल्स्की. आणि हल्लीच्या मुलांना विचारलं तर कोवाल्स्की म्हणजे ‘मादागास्कर’मधला हिशेबी पेंग्विन.

दक्षिण अमेरिकेत वेगळंच घडलं. तिथे जमीन मिळाली. ब्राझीलमध्ये पोलिश गट १८६९ पासून येत होते, पण १८९०-९१ मध्ये रशियन पोलंडच्या खेड्यांना ‘ब्राझीलचा ताप’च चढला. फुकट प्रवास आणि फुकट जंगल, झाडं तोडा आणि पिकवा. पाराना राज्यात, कुरितिबाच्या भोवती, ही माणसं वसली आणि लाकडाच्या ओंडक्यांची घरं बांधून राहिली. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे कुरितिबाला आले, त्या भेटीच्या स्मरणार्थ केलेल्या उद्यानात तशी घरं उभी आहेत. पण पोर्तुगीज लिपीत पोलिश ‘व’साठी वापरतात ते अक्षर आणि ‘क’चं अक्षर अधिकृत नव्हतं, १९४३ च्या नियमांनी बाद झालेली ही अक्षरं २००९ मध्ये नव्या शुद्धलेखनाने परत आली. त्यात १९३८ मध्ये वार्गासच्या राजवटीने परभाषक शाळा बंद केल्या. त्यामुळे ब्राझीलमध्ये एकाच गावात हे आडनाव दोन-तीन वळणांनी लिहिलेलं दिसतं, सख्ख्या चुलत भावंडांतसुद्धा.

पूर्वेकडे नाव गेलं ते बहुधा माणसांच्या मर्जीविरुद्ध. रशियाविरुद्धच्या १८६३ च्या उठावानंतर सायबेरियात पाठवलेले, १९३६ मध्ये सोव्हिएत युक्रेनमधून कझाकस्तानात हलवलेले. तर कुठे नाव जागेवरच राहिलं आणि सीमा त्याच्यावरून गेली. लिथुआनियात राहिलेल्या घरांत नवरा कोवाल्स्किस, बायको कोवाल्स्किएने, मुलगी कोवाल्स्कीते. तिथल्या पोलिशांनी मूळ अक्षरासाठी अनेक वर्षं भांडण चालवलं, २०११ मध्ये असं एक प्रकरण युरोपीय न्यायालयातही जाऊन आलं. अखेर २०२२ मध्ये लिथुआनियाच्या कायद्याने तीन अक्षरांना परवानगी दिली आणि त्यात पोलिश ‘व’चं अक्षर होतं.

याच पूर्वेच्या वाटेवर महाराष्ट्र येतो. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सायबेरिया आणि मध्य आशियात नेली. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर करार झाला, सुटका झाली आणि १९४२ मध्ये लाखभराहून अधिक सैनिक आणि नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. तिथून छावण्या झाल्या : पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंडमधलं पाहियातुआ (१९४४ मध्ये ७३३ मुलं), जामनगरजवळची बालाचडी आणि कोल्हापूरजवळचं वळिवडे. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं पोलिशमध्ये. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती, म्हणून थोडे पोलंडला परतले आणि बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे पांगले. त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीत आलेले सिंधी निर्वासित राहायला आले आणि त्याचं गांधीनगर झालं. ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या ‘स्की’ आजीच्या जन्मस्थानाच्या रकान्यात कोल्हापूर असेल, तर ती लिहिणाऱ्याची चूक समजू नये.

या आडनावाचा एक चेहरा मात्र आपल्याकडे निर्वासित न येताच पोचला आहे. वसई, मुंबई किंवा गोव्यातल्या अनेक चर्चमध्ये येशूची एक तसबीर दिसते, छातीतून एक तांबडा आणि एक फिकट किरण बाहेर पडणारी. ती पहिल्यांदा १९३४ मध्ये विल्न्यूसला रंगवली गेली, हेलेना कोवाल्स्का नावाच्या जोगिणीने सांगितल्यावरून. मठात तिचं नाव फाउस्तीना. जन्म १९०५, ग्वोगोव्येत्स या खेड्यात, दहा भावंडांत तिसरी; बाप थोडं शेत सांभाळून सुतारकाम करणारा. १९३८ मध्ये क्राकूफला ती वारली. काही वर्षं व्हॅटिकनने तिच्या भक्तीवर बंदीही घातली होती. २००० मध्ये तिला संतपद दिलं. जगभर पसरलेल्या या नावाचं सर्वांत प्रसिद्ध रूप ‘स्का’ राहिलं, कारण तिला नवऱ्याबरोबर कुठल्या परक्या दफ्तरात जावं लागलं नाही.

२००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आला आणि ब्रिटन, आयर्लंडने दार लगेच उघडलं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये राहून गेलेले जुने सैनिक होतेच, पण ही लाट फार मोठी. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ५ लाख ४६ हजार लोकांनी पोलिश ही आपली मुख्य भाषा सांगितली, इंग्रजीनंतर सगळ्यांत जास्त. या कोवाल्स्कींनी नावाचं काही केलं नाही. गरजच नव्हती, दोन तासांच्या विमानावर घर, खिशात पोलिश पासपोर्ट. शाळेच्या हजेरीत बाप कोवाल्स्की आणि मुलगी कोवाल्स्का पाहून पहिल्या वर्षी शिक्षक गोंधळले असतील, एवढंच.

ज्याला आपल्या कोवाल्स्कीचा माग काढायचा आहे, त्याने आडनावाच्या मागे लागू नये. पोलंडमध्ये ‘गेनेतेका’ या स्वयंसेवकांनी उभारलेल्या सूचीत लाखो नोंदी फुकट शोधता येतात. तिथे कोवाल्स्की टाकलं तर पडदा भरून जातो आणि हाती काही लागत नाही. आधी गावाचं नाव हवं. अमेरिकेला गेलेल्यांच्या बाबतीत ते १९०६-०७ नंतरच्या बोटींच्या याद्यांत मिळण्याची शक्यता जास्त, कारण तेव्हापासून जन्मस्थानाचा आणि मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचा रकाना वाढला. गाव मिळालं की ते कोणाच्या ताब्यात होतं ते पाहायचं, म्हणजे दफ्तर कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत असेल हे कळतं. मग आईचं माहेरचं आडनाव घेऊन शोधायचं. ते थोडं आडवळणाचं असेल तर नशीब. तेही नोवाक निघालं तर साक्षीदारांची नावं वाचत बसायची.